नवं इंडी संगीत तुम्ही शोधता कसं, आणि ऐकता कसं?

अनवट

मागे एका शुक्रवारी मी ऐकायच्या यादीत १९ नवे अल्बम टाकले होते. सोमवारी सकाळी त्यातली एक ओळ आठवेना, एक सुरावट ओठांवर येईना. वाजलं सगळं होतं, ऐकलं काहीच नव्हतं. फार वाईट वाटलं. त्या प्रत्येक अल्बममागे कुणीतरी वर्ष-दोन वर्षं घातलेली असतात, बऱ्याचदा नोकरी सांभाळून, रात्री जागून, स्वतःच्याच खोलीत.

तेव्हापासून पद्धत बदलली. आठवड्याला नवा अल्बम एकच, पण तो तीनदा. पहिल्या गाण्यापासून शेवटच्यापर्यंत, क्रम न मोडता. पहिल्यांदा हातातलं काम करता करता ऐकला तरी चालतो. दुसऱ्यांदा हेडफोन लावून, डोळे मिटून. तिसऱ्यांदा क्रेडिट्स समोर ठेवून: ड्रम्स कुणी वाजवले, रेकॉर्डिंग कुणाचं, मिक्सिंग (म्हणजे वेगवेगळे रेकॉर्ड केलेले आवाज एकत्र जुळवणं) कुणाचं, लेबल (म्हणजे अल्बम काढणारी कंपनी) कोणतं. पुढचा अल्बम शक्यतो त्या नावांतूनच निवडायचा.

या आठवड्याचा अल्बम एका गायिकेने एकटीने घरी केलाय. गिटार, आवाज आणि एक जुना कीबोर्ड, बस. चौथ्या गाण्यात पहिला शब्द यायच्या आधी ती श्वास घेते आणि त्या श्वासाच्याही आधी खुर्ची करकरते. दोनदा ऐकूनही मला ती करकर ऐकू आली नव्हती. तिसऱ्यांदा लक्षात आलं की ती पुढे सरकून माइकजवळ येतेय, म्हणून पुढची ओळ इतकी जवळून येते, कानाशी बोलल्यासारखी. मोठ्या स्टुडिओत ती करकर पुसून टाकली असती. इथे ती राहू दिली, आणि आता त्या खुर्चीशिवाय ते गाणं माझ्यासाठी सुरूच होत नाही.

क्रेडिट्सचा माग काढत गेलं की माणूस कुठल्या कुठे पोचतो याचं एक उदाहरण देतो. स्टीव्ह अल्बिनी हा शिकागोचा रेकॉर्डिंग इंजिनिअर २०२४ मध्ये गेला. स्वतःला 'निर्माता' म्हणवून घेणं त्याला आवडत नसे. कामाचे ठरलेले पैसे घ्यायचा, रॉयल्टी घ्यायचा नाही. पिक्सीज आणि लो हे बँड, गायिका पीजे हार्वी, सगळ्यांकडे त्याचं नाव सापडतं. जोआना न्यूसमच्या २००६ च्या अल्बममध्ये हार्प आणि गायन त्याने रेकॉर्ड केलंय, आणि त्याच अल्बमचं मिक्सिंग आहे जिम ओ'रूर्कचं. ओ'रूर्क पुढे जपानात स्थायिक झाला. त्याचा माग काढला तर एको इशिबाशी ही जपानी संगीतकार भेटते. आणि तिचं लेबल पाहिलं तर ड्रॅग सिटी, म्हणजे न्यूसमचंच! शिकागोहून निघून जपानमार्गे मी परत शिकागोच्या त्याच लेबलच्या दारात. हा प्रवास मला कुठल्याही यादीने घडवला नसता.

तुमच्या पायवाटा कोणत्या? सविस्तर लिहा. नुसती नावं नकोत, तिथवर पोचलात कसे तेही सांगा.

रात्रपाळी

धागा आवडला, वाचनखूण साठवली.

माझी पायवाट म्हणजे रेडिओ. रात्रीची ड्यूटी असते, त्यामुळे जगाच्या दुसऱ्या टोकाचा दिवस माझ्या कानात चालू असतो. सिएटलचं केईएक्सपी, न्यू जर्सीचं डब्ल्यूएफएमयू, लंडनचं एनटीएस. पहिली दोन श्रोत्यांच्या देणग्यांवर चालतात. तिन्ही ठिकाणी माणूस गाणी निवडतो आणि काय वाजलं त्याची यादी साइटवर मिळते. केईएक्सपीचे निवेदक तर चालू गाण्याबरोबर दोन ओळी लिहितातही: हा बँड कुठला, आधी कुणाबरोबर वाजवायचा वगैरे. माझी अर्धी वही त्या दोन-दोन ओळींनी भरली आहे.

रेडिओची खुबी अशी की न आवडणारं गाणंसुद्धा पूर्ण कानावर पडतं. ॲपमध्ये वीस सेकंदांत पुढे ढकललं असतं ते. माझी कितीतरी लाडकी गाणी तिसऱ्या मिनिटाला सुरू होतात.

गणिती कान

अल्गोरिदमला इतकं लांब ठेवायचं कारण नाही, असं माझं प्रामाणिक मत. स्पॉटिफायची दर सोमवारी येणारी ३० गाण्यांची यादी २०१५ मध्ये सुरू झाली. माझे किमान पाच आवडते कलाकार तिथूनच मिळाले. तिच्यामागची मूळ कल्पना साधी आहे: तुम्हाला आवडणारी गाणी ज्यांच्या प्लेलिस्टमध्ये आहेत, त्यांच्या त्याच प्लेलिस्टमधली तुम्ही न ऐकलेली गाणी तुमच्यापुढे ठेवायची. म्हणजे मुळात तीही माणसांचीच निवड, फक्त अनोळखी माणसांची.

एक उणीव मात्र मोठी आहे, आणि ती नेमकी या धाग्याच्या विषयाला भिडते. काल आलेलं गाणं ज्या कलाकाराला शंभर लोकही ओळखत नाहीत त्याचं असेल, तर ते अजून कुणाच्याच प्लेलिस्टमध्ये नसतं. माहितीच नाही, तर सुचवणार कशावरून? गाण्याचा नाद, वेग, वाद्यं तपासून यंत्र थोडा अंदाज बांधतं, पण अगदी नव्या आणि अगदी छोट्या कलाकारापर्यंत ते सगळ्यात उशिरा पोचतं. तिथे सुरुवातीचे पन्नास कान माणसांचेच लागतात.

अनवट

@गणिती कान, पटलं. 'सुरुवातीचे पन्नास कान' हे अगदी नेमकं सांगितलंत. मला त्या पन्नासात असायला आवडतं, खरं सांगतो.

नवखी

प्रश्न बाळबोध वाटेल, पण विचारते. इंडी म्हणजे नक्की काय? मला वाटायचं की हळू आवाजात गिटार वाजली की इंडी. पण तुम्ही सगळे लेबल, रेकॉर्डिंग, विक्री यांवर बोलताय.

जुनी फीत

नवखी, प्रश्न अजिबात बाळबोध नाही. जरा मागे जाऊन सांगतो, कारण हा माझा जिव्हाळ्याचा भाग आहे.

जानेवारी १९७७ मध्ये मँचेस्टरच्या बझकॉक्स या बँडने उसने पैसे घेऊन चार गाण्यांची रेकॉर्ड काढली. लेबलही स्वतःचंच. सुरुवातीला फक्त हजार प्रती छापल्या. कव्हरच्या मागच्या बाजूला त्यांनी कोणतं गाणं कितव्या टेकचं आहे आणि त्यावर मागाहून काय चढवलं आहे हे छापलं होतं. पुढच्याच वर्षी स्क्रिटी पॉलिटी या बँडने तर आपल्या रेकॉर्डच्या कव्हरवर सगळा खर्च मांडला: रेकॉर्डिंगला इतका, मास्टरिंगला (म्हणजे छपाईआधीच्या आवाजाच्या शेवटच्या संस्काराला) इतका, छपाईला इतका. हे गुपित नाही, तुम्हीही करू शकता, एवढंच त्यांना सांगायचं होतं. अनवटची क्रेडिट्स वाचायची सवय मला म्हणूनच आवडली. या संगीताने पहिल्यापासून आपलं कव्हर वाचण्यासाठीच पुढे केलेलं आहे.

जानेवारी १९८० मध्ये ब्रिटनमध्ये इंडी रेकॉर्ड्सचा वेगळा तक्ता सुरू झाला. त्यात जागा मिळवायची अट आवाजाची नव्हती, वितरणाची होती. मोठ्या कंपन्यांच्या वितरणाबाहेरून दुकानात पोचलेली रेकॉर्ड म्हणजे इंडी. मग ती रेगे असो, गोंगाट असो की नाचाचं संगीत. गिटारचा तो ठरावीक हळवा नाद या शब्दाला नंतर चिकटला. १९८६ मध्ये एनएमई या संगीत साप्ताहिकाने काढलेल्या 'सी८६' कॅसेटचा त्यात मोठा हात.

जग फक्त ब्रिटनचं नव्हतं. न्यूझीलंडमध्ये क्राइस्टचर्चला १९८१ मध्ये फ्लाइंग नन हे लेबल सुरू झालं. अमेरिकेत डिस्कॉर्ड हे लेबल १९८० चं. सिएटलचं सब पॉप आधी एक हाताने जोडलेलं छोटं नियतकालिक होतं, मग त्याच्याबरोबर कॅसेट निघाल्या, मग लेबल झालं. म्हणजे संगीताबद्दल लिहिणारेच पुढे ते छापायला लागले. मर्ज हे १९८९ मध्ये एका बँडमधल्या दोघांनी सुरू केलेलं लेबल. २०११ मध्ये वर्षातल्या सर्वोत्कृष्ट अल्बमचं ग्रॅमी त्यांच्या आर्केड फायर या बँडला मिळालं, तेव्हाही लेबल त्या दोघांचंच होतं.

तेव्हा इंडी कानाने ओळखायला जाऊ नकोस. हे कुणाच्या मालकीचं आहे आणि माझ्यापर्यंत कुणी आणलं, हे विचार.

नवखी

खूप खूप आभार, जुनी फीत काका (काका चालेल ना?). आता कळलं की मी ज्याला इंडी समजत होते त्यातली निम्मी गाणी मोठ्या कंपन्यांची आहेत.

जुनी फीत

काका एकदम चालेल. आणि ती निम्मी गाणी आवडत असतील तर खुशाल ऐक हो! आवडीवर अट नाही.

खोलीतला ड्रमर

मी दुसऱ्या बाजूचा माणूस. दोन ईपी (म्हणजे मोजक्या गाण्यांचे छोटे अल्बम) काढल्यात, तिसरी चालू आहे. श्रोत्यांना आतली बाजू दिसत नाही, म्हणून लिहितो.

जगभर नवे अल्बम शुक्रवारी येतात. हे १० जुलै २०१५ पासून सुरू झालं, त्याआधी ब्रिटनमध्ये सोमवार होता, अमेरिकेत मंगळवार. सगळीकडे एकच दिवस झाल्याने श्रोत्यांची सोय झाली. पण मोठमोठ्या नावांचे अल्बम त्याच दिवशी, आणि आमचाही त्याच दिवशी. शनिवारी सकाळपर्यंत आम्ही ढिगाच्या तळाशी गेलेलो असतो. म्हणून हल्ली माझे बरेच मित्र मुद्दाम मंगळवारी-बुधवारी रिलीज करतात. तुम्हाला खरंच छोटे कलाकार शोधायचे असतील तर आठवड्याच्या मधल्या दिवसांत शोधा.

पैशांबद्दल. स्पॉटिफायवर २०२४ पासून नियम असा की आधीच्या १२ महिन्यांत एखादं गाणं किमान १००० वेळा ऐकलं गेलं नसेल तर त्या गाण्याच्या रेकॉर्डिंगची रॉयल्टी मिळत नाही. बँडकँप या साइटवर, जिथे श्रोते कलाकारांचं संगीत विकत घेतात, चित्र वेगळं आहे. तिथे डिजिटल विक्रीतले १५ टक्के ते घेतात, वस्तू विकली तर १० टक्के, बाकी व्यवहाराचं शुल्क वजा जाऊन कलाकाराला. २० मार्च २०२० रोजी त्यांनी एक दिवस आपला हिस्सा सोडून दिला आणि मग 'बँडकँप फ्रायडे' अधूनमधून होतच राहिला. त्या दिवसांच्या तारखा पाहून ठेवा आणि खरेदी तेव्हा करा.

माझ्या दुसऱ्या ईपीची पहिली विक्री झाली तेव्हा मी बसमध्ये होतो. फोन थरथरला. पूर्णपणे अनोळखी नाव, अनोळखी देश. त्या माणसाने मागितलेल्या किमतीपेक्षा जास्त पैसे दिले होते आणि खाली लिहिलं होतं: तिसऱ्या गाण्यात झांज उशिरा येते, ती तशीच ठेवल्याबद्दल आभार. ती झांज माझ्याकडून चुकून उशिरा आली होती. तीन दिवस मी ती दुरुस्त करू की नको करत बसलो होतो आणि शेवटी तशीच राहू दिली होती. कुणाच्या तरी कानाला ते कळलं! मी माझा उतरायचा स्टॉप चुकवला. तुम्ही अशा दोन ओळी लिहिता तेव्हा पलीकडे काय होतं, ते कळावं म्हणून सांगितलं.

सुरंगी

खोलीतला ड्रमर, अंगावर काटा आला वाचताना.

बँडकँपवरची माझी युक्ती: अल्बमच्या चित्राखाली विकत घेणाऱ्यांची छोटी चित्रं दिसतात. ज्याने मनापासून अभिप्राय लिहिलाय त्याच्या चित्रावर जायचं आणि त्याचा सगळा संग्रह पाहायचा. एखाद्याच्या घरी जाऊन कपाटातल्या रेकॉर्ड्स चाळाव्यात तसं. चार-पाच अल्बम तुमच्याकडचेच निघाले की समजा, सहावा तुमच्यासाठी आहे.

अनवट

ड्रमरभाऊ, तुमच्या प्रतिसादासाठी धागा काढल्याचं सार्थक झालं. पुढची ईपी आली की इथे दुवा द्या.

@सुरंगी, ही युक्ती मला माहीत नव्हती. आज रात्रीच करून बघतो.

मधुकंस

तीनदा ऐकण्याच्या नियमाशी मी सहमत नाही, म्हणजे सरसकट नाही. पहिल्या ऐकण्यात ज्यात काहीच अडकत नाही, त्याला मी दुसरी संधी देत नाही. वेळ मोजका आहे आणि कर्तव्य म्हणून संगीत ऐकायचं माझ्या जिवावर येतं. आनंदासाठी ऐकतो ना आपण?

अनवट

मधुकंस, तुमचं म्हणणं रास्त आहे. मी 'आवडलं नाही' आणि 'कळलं नाही' यांत फरक करतो. आवडलं नाही तर सोडून देतो, अजिबात ओढूनताणून नाही. पण काही अल्बम पहिल्यांदा नुसते परके वाटतात. त्यांची चाल, त्यांचं मिक्सिंग, गायकाची शब्द फेकायची तऱ्हा कानाच्या ओळखीची नसते. अशांना मी तिसऱ्या वेळेपर्यंत थांबतो. माझे सगळ्यात जवळचे अल्बम याच गटातले आहेत. पहिल्या झटक्यात आवडलेले बरेचसे वर्षभरात विरून गेले.

रात्रपाळी

इथे मी मध्ये पडतो. फरक ओळखायची माझी खूण: अल्बम संपल्यावर चीड आली किंवा अस्वस्थ वाटलं, तर परत ऐकायचा. काहीच वाटलं नाही तर सोडायचा.

मधुकंस

ही खूण मला चालेल.

परभाषी

भाषेचं काय करता? मला पोर्तुगीज, जपानी, अरबी गाण्यांची ओढ आहे, पण शब्द कळत नाहीत म्हणून आपण अर्धंच ऐकतोय असं सारखं वाटत राहतं.

सुरंगी

मी आधी दोनदा अर्थाशिवाय ऐकते. मग शब्द शोधते. अर्थ आधी वाचला की मी गाणं ऐकायच्या ऐवजी वाचायला लागते. अर्थाशिवाय ऐकताना आवाज कुठे थरथरतो, कुठल्या अक्षरावर रेंगाळतो, हे नीट कळतं. एकदा एका गाण्याचा शेवट मला निरोपाचा वाटला होता. शब्द शोधले तर खरंच स्टेशनवरचा निरोप निघाला. दर वेळी असं जुळत नाही, पण जुळलं की फार आनंद होतो.

जुनी फीत

एक काळजीची गोष्टही नोंदवून ठेवतो. दोन वर्षांपूर्वी एका ॲपवरच्या माझ्या साठवलेल्या यादीतून ४० च्या वर गाणी एका रात्रीत करडी झाली. वाजेनात. लेबलचा करार संपला की असं होतं, आणि ज्या छोट्या लेबलांनी दुकान बंद केलं त्यांची गाणी कुणीच परत आणत नाही. त्यातले दोन अल्बम मला आजतागायत मिळालेले नाहीत. त्यामुळे जे जिवाभावाचं वाटतं ते मी विकत घेऊन, फ्लॅक फाइल (आवाजाचा दर्जा न घटवणारी) उतरवून, दोन ठिकाणी ठेवतो. फाइलच्या नावात वर्ष आणि लेबल लिहितो. दहा वर्षांनी माग काढायचा झाला तर धागा हाताशी राहतो.

गणिती कान

जुनी फीत यांना दुजोरा. आणि स्ट्रीमिंगवर नसलेलं संगीतही लोकांपर्यंत पोचतं, याचं अलीकडचं उदाहरण म्हणजे सिंडी ली या कलाकाराचा 'डायमंड ज्युबिली'. मार्च २०२४ मध्ये आलेला हा ३२ गाण्यांचा, दोन तासांचा अल्बम स्ट्रीमिंग ॲप्सवर नव्हताच. यूट्यूबवर एकच सलग व्हिडिओ आणि एका जुन्या धाटणीच्या साध्या वेबपानावर डाउनलोड, एवढंच. यूट्यूबवर गाणी सुटी नव्हती, त्यामुळे प्लेलिस्टमध्ये एखाद-दुसरं घालायची सोय नव्हती. लोकांनी दोन तास काढून ऐकला, एकमेकांना सांगितलं, आणि वर्षअखेरीच्या कितीतरी याद्यांत तो वर होता. माझ्या आवडत्या अल्गोरिदमचा त्यात काडीचा वाटा नव्हता, हे मान्य करतो.

परभाषी

आजच ऐकतो. सलगच ऐकेन.

नवखी

दोन आठवड्यांनी परत आले. तुम्ही सांगितलं तसं केलं, ते सांगायचं होतं.

बँडकँपवर एका टॅगखाली नवे अल्बम पाहत गेले आणि एकाच्या चित्रापाशी थांबले, कारण त्याखाली विकत घेणारं एकही चित्र नव्हतं. सहा गाणी, २३ मिनिटं. पहिल्यांदा फिरताना ऐकला, काही विशेष वाटलं नाही, पण संपल्यावर बेचैन वाटत राहिलं. रात्रपाळींची खूण आठवली. दुसऱ्यांदा दिवा मालवून ऐकला. पाचव्या गाण्यात मागे पाऊस आहे. मला वाटलं, मुद्दाम वरून घातलाय. क्रेडिट्स वाचली तर शेवटची ओळ अशी होती की सगळी गाणी एका खिडकीशी बसून, एकाच आठवड्यात रेकॉर्ड केली. मग तिसऱ्यांदा ऐकताना प्रत्येक गाण्यात खिडकी शोधत होते. पहिल्या गाण्यात लांबून वाहनं जातात. तिसऱ्यात अगदी बारीक एक पक्षी आहे. चौथ्यात काही नाही, बहुधा खिडकी बंद असावी. पाचव्यात पाऊस, आणि सहाव्यात पाऊस थांबल्यानंतरचं थेंब पडणं, शेवटच्या सुराच्या नंतरही अकरा सेकंद.

विकत घेतला. पहिलं चित्र माझं आहे. खाली पक्ष्याबद्दल दोन ओळी लिहिल्या.

क्रेडिट्समध्ये मास्टरिंगला एक नाव आहे. त्या नावाने शोधलं तर आणखी सात अल्बम निघाले, सगळे छोटे, सगळे वेगवेगळ्या देशांतले. अनवट दादा, त्यातला कुठला आधी घेऊ, हे कसं ठरवायचं?

अनवट

सगळ्यात जुना आधी घे. मग एकेक करून याच अल्बमपर्यंत ये. आणि त्या अल्बमचा दुवा दे ना इकडे, दुसरं चित्र मला लावायचंय.